बिनविंडोजचा बायोस आणि इंदूचं मौन

"भांडी पडली की हातातलं टाकायचं आन् अंगणात यायचं. चप्पल शोधायची न्हाई, कुलूप शोधायचं न्हाई. माणूस तेवढं शोधायचं."

हे जिजींचं वाक्य. जिजी म्हणजे रेणुकादास औरादकरांच्या आई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण नांदेडातल्या त्या तळमजल्यावरच्या घरात हुकूम अजून त्यांचाच चालतो. त्र्याण्णव साली त्या निलंग्याला होत्या. भूकंपाच्या त्या पहाटेनंतरचा हिवाळा त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढला. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. तेव्हापासून फक्त रोज देवापुढे दिवा लागला की स्वयंपाकघराच्या कडाप्प्यावर स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचायच्या आणि वर पितळी झाकण ठेवायच्या. जमीन हलली की आधी झाकण बोलतं. सुनेच्या, म्हणजे इंदूच्या हाती त्यांनी दागिन्यांच्या आधी हा मनोरा सोपवला.

रेणुकादासांचा अर्थातच अशा मागास गोष्टींवर विश्वास नव्हता. ते पाटबंधारे कार्यालयात आवक-जावक सांभाळायचे आणि त्यामुळे विज्ञाननिष्ठ होते. त्यांच्या मोबाइलमध्ये भूकंपाची सूचना देणारं ॲप होतं. या ॲपनं त्यांना जपान, चिली आणि पापुआ न्यू गिनी इथल्या प्रत्येक धक्क्याची वर्दी भर जेवणात दिली होती. नांदेड-हिंगोलीकडची जमीन गेल्या काही महिन्यांत दोनदा गुरगुरली, तेव्हा मात्र ते शांत होतं. स्थानिक बाबींत लक्ष न घालणं ही मोठ्या संस्थांची पद्धतच असते.

तर असे हे रेणुकादास. आणि त्यांच्या मुलीचा, मनस्विनीचा, लॅपटॉप.

मनस्विनी यंदा दहावी झाली. आता मराठवाड्यात दहावी झालेल्या मुलीला काय व्हायचंय असं कोणी विचारत नाही, लातूरला कोणत्या क्लासला घातली एवढंच विचारतात. तिला जो क्लास हवा होता, त्याच्या पहिल्या तुकडीत शिरायला एक ऑनलाइन परीक्षा होती. शनिवारी, सकाळी अकरा वाजता, घरी बसून, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून. कॅमेरा दिसला नाही तर परीक्षार्थी गैरहजर. पुन्हा परीक्षा नाही. पहिल्या तुकडीला चांगले शिक्षक आणि दुसऱ्या तुकडीला पहिल्या तुकडीच्या झेरॉक्स, हे लातूरचं सर्वमान्य शास्त्र आहे. पोरगी वर्षभर पाठ सरळ करून झोपली नव्हती. आणि लॅपटॉपला कॅमेराच दिसत नव्हता.

कॅमेरा जागच्या जागी होता. झाकणाच्या वरच्या कडेला, टिकलीएवढा. सगळ्या घराला दिसत होता, फक्त ज्याला दिसायला हवा त्याला नाही. क्लासच्या मदत-क्रमांकावर पुनम नावाची एक मुलगी बसायची. तिनं सगळं ऐकून सांगितलं, "सर, या मॉडेलचा हा प्रॉब्लेम लई पालकांना येऊन राहिलाय. बायोस अपडेट करा, होऊन जाईल. तुमची विंडोज कोणती हाय?"

इथे रेणुकादासांनी घसा साफ केला. "आमच्याकडे विंडोज नाही."

"म्हणजे जुनी हाय का?"

"नाहीच. आम्ही विंडोज वापरत नाही. तत्त्व म्हणून."

मग पुनम सहानुभूतीच्या स्वरात म्हणाली, "मग बघा सर कोणाकडून तरी. आणि टेस्टच्या आधी पालकांना पण कॅमेऱ्यासमोर येऊन नाव सांगावं लागतंय, तेवढी तयारी ठेवा." ही तयारी रेणुकादासांनी त्याच संध्याकाळी केली. आरशासमोर उभं राहून. नाव, पद, आणि ग्रामीण भागातल्या शैक्षणिक परिस्थितीवर थोडंसं.

विंडोज नसण्याचं तत्त्व तसं ताजंच होतं. दिवाळीत त्यांचा भाचा आलोक बंगळूरहून आला आणि त्यानं लॅपटॉपमधली विंडोज काढून लिनक्स नावाचं काहीतरी घातलं. व्हायरस लागत नाही म्हणाला. आलोक परत गेला, पण रेणुकादास राहिले. त्यांनी वर्षभर कॉलनीत या विषयावर व्याख्यानं दिली. दूध आणताना दिली, गॅस सिलिंडरच्या रांगेत दिली, एका तेराव्याच्या पंगतीत दिली. कॉलनीनं यावर उपाय शोधला होता. औरादकर साहेब बोलायला लागले की मान हलवायची आणि आपलं काम चालू ठेवायचं. लवकरच ही सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे या सवयीनंच घात होणार होता.

आता हा बायोस म्हणजे काय? मशीनचं बटण दाबल्यावर, लिनक्स किंवा विंडोज डोळे चोळत उठण्याच्याही आधी, आत जो पहिला जागा होतो आणि हात-पाय-डोळे जागेवर आहेत का ते तपासतो, तो बायोस. घरातल्या ज्या बाईच्या अंघोळीशिवाय चूल पेटत नाही, तिच्यासारखं त्याचं स्थान. तो बदलत असताना मध्येच वीज गेली, तर मशीन पुन्हा कधीच उठत नाही. पाटावरवंट्यासारखं जड होऊन बसतं, आणि वाटणाच्याही कामाचं राहत नाही.

रेणुकादास लॅपटॉप काखोटीला मारून गुरुपादप्पांच्या दुकानात गेले. गुरुपादप्पा मूळचे देगलूरचे. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स आणि जातीच्या दाखल्याचे अर्ज, तिन्ही कामं एकाच टेबलावर करायचे.

"कंपनीची फाईल विंडोजवरच चालते वो," ते म्हणाले. "विंडोज टाकून देतो, बायोस करून देतो. उद्या घेऊन जावा."

"विंडोज टाकायची नाही."

"मग आमच्याकडं कशाला आणलं वो साहेब? तुम्हीच तर मागच्या खेपेला बोलला, विंडोज म्हणजे गुलामगिरी. गुलामांच्या दुकानात काय मिळणार?"

रेणुकादास लॅपटॉप घेऊन परत आले. स्वाभिमान नावाची वस्तू काखोटीतल्या लॅपटॉपपेक्षा जड असते.

शेवटी मार्ग मनस्विनीनं काढला. तिनं कंपनीचं इंग्रजी मदतपान वाचून दाखवलं. फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, मशीन सुरू होताना वरच्या रांगेतलं एक बटण दाबायचं, की बायोस स्वतःच ती फाईल वाचून स्वतःला बदलतो. विंडोज लागत नाही. हे ऐकल्याबरोबर रेणुकादास म्हणाले, "मी हेच म्हणत होतो," आणि त्या क्षणापासून तो शोध त्यांचा झाला.

पण कोणती फाईल? त्यासाठी लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक पाहिजे. लॅपटॉप उलटा केला, तर तिथे गेल्या दसऱ्याचं स्वस्तिक होतं. इंदू दसऱ्याला घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करते. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, कोणी उपेक्षित राहत नाही. तेलात कालवलेलं कुंकू बरोबर क्रमांकावर बसलं होतं आणि पंख्याच्या जाळीतून अक्षता बाहेर बघत होत्या. "इतर जगात हे यंत्र धुळीनं बंद पडतं," रेणुकादास म्हणाले, "आपल्याकडे भक्तीनं पडेल." इंदूनं खोबरेल तेलाचा बोळा घेऊन हलक्या हातानं क्रमांक उघडा केला, आणि उरलेल्या कुंकवाला बोट लावून कपाळाला नेलं. बोलली नाही, कारण तिचं मौन होतं.

हे मौन असं. चातुर्मास लागला तसा इंदूनं नेम धरला होता. पहाटे उठल्यापासून पूजा आटोपेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. लेकीचं लातूरचं काम होईपर्यंत. तशीही ती एवढं हळू बोलायची की मौन कधी संपलं हे घरच्यांना वाढताना कळायचं. पण नेम तो नेम, आणि त्याचाही कायदा जिजींनी घालून ठेवलेला. "नेम मोडला तर रडत बसायचं न्हाई. ज्याच्यापायी मोडला त्यानं त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तो पुरा करायचा." आजवर तो कधी मोडला नव्हता, त्यामुळे या कलमाचा वापर झाला नव्हता.

पेनड्राइव्ह शेषेरावांनी दिला. शेषेराव वरच्या मजल्यावर राहायचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्या पेनड्राइव्हमध्ये त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराचं चित्रण होतं. सगळी भाषणं, शिवाय फेटा बांधतानाचा भाग वेगळा. "जपून बरं का साहेब. माझी सगळी जिंदगी हाय त्यात." रेणुकादासांनी ती जिंदगी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली आणि पेनड्राइव्ह पुसला. कॉलनीतला प्रत्येक जण ते चित्रण कधी ना कधी पाहून बसला होता. ही बातमी कळल्यावर, जिंदगी कायमची गेली असं समजून, दोघं-तिघं रेणुकादासांचे आभार मानायला आले.

गुरुवारी पहिला प्रयत्न झाला. बायोसनं फाईल वाचली आणि सांगितलं की बॅटरी पुरेशी भरलेली नाही. शुक्रवारी बॅटरी भरली, तर पावसानं लाईन गेली ती झोपायच्या वेळेला आली. यात एक गोम होती. बॅटरी जुनी. पडद्यावर भरलेली दिसायची आणि बायोसचा तेवढ्यावर विश्वास बसायचा, पण भिंतीतली वायर काढली की नमस्कार करायलाही वेळ न देता मान टाकायची. म्हणजे अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. ही खात्री नांदेडमध्ये कोण देणार? शेषेरावांनी दिली. "शनिवारी सकाळी जात न्हाई. मी मंडळात विचारून ठेवलं. अन् माझ्या हयातीत या बिल्डिंगची लाईट माझ्या परवानगीबिगर कोणी बंद करत न्हाई."

हे मात्र शब्दशः खरं होतं.

शनिवारी सकाळी रेणुकादासांनी अंघोळ केली, पंचा नेसला आणि उघड्या अंगानं लॅपटॉपसमोर पाट घेऊन बसले. पवित्र कार्याला कपडे कमी लागतात. गणपतीच्या माळेसाठी आणलेली लांबलचक एक्स्टेन्शनची वायर देवघरापासून ओढून आणली होती, कारण घरातला सगळ्यात भरवशाचा प्लग देवाजवळचा. आत इंदू पूजेला बसली होती. मनस्विनी दारात उभी राहून नखं खात होती.

बटण दाबलं. निळा पडदा आला. एक पट्टी भरायला लागली आणि खाली इंग्रजीत सूचना उमटली, की काम पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नये, वायर काढू नये. रेणुकादासांनी ती सूचना मोठ्यांदा वाचली, मग तिचं मराठीत भाषांतर केलं, मग तिच्यावर भाष्य सुरू केलं.

पट्टी अर्ध्यावर आली होती. आधी खालून ट्रक जावा तशी घरघर आली. मग खिडकीचे गज थरथरले. मग स्वयंपाकघरात पितळी झाकण फरशीवर पडून फिरत राहिलं आणि त्याच्यामागून पेले.

मोबाइलवरचं ॲप शांत होतं.

आतून पूजेची घंटी घणघणली. इंदूला बोलायचं नव्हतं, म्हणून तिनं ती उचलून जोरजोरात वाजवली होती. वरच्या मजल्यावरून धावण्याचे आवाज आले. मनस्विनी अंगणात पोचली. इंदू फुलांची परडी हातात तशीच घेऊन बाहेर आली, आणि बघते तर पती परमेश्वर पाटावरच.

तिनं दंड धरून ओढलं. रेणुकादासांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तिनं पडलेल्या पेल्यांकडे दाखवलं.

"अगं, पट्टी भरतेय. आता उठलो तर पोरीचं वर्ष जाईल."

तिनं परडीचाच हात दाराकडे केला. फुलं सांडली.

"दोन मिनिटं. भूकंप काही पळून जात नाही."

त्यांच्या संसारातला हा पहिला वाद, ज्यात रेणुकादास एकटेच बोलत होते आणि तरी हरले. इंदू हलेना. त्यांच्याशिवाय बाहेर जाणार नाही हे तिनं दारातच बसकण मारून सांगितलं. जिजींचं वाक्य तिनं शब्दशः घेतलं होतं. माणूस तेवढं शोधायचं. मग रेणुकादासांनी एकच मार्ग होता तो घेतला. चालू लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि वायर मागे खेचत, पंचा सावरायला तिसरा हात नसल्याची खंत करत, ते अंगणात आले.

सगळी बिल्डिंग तिथे होतीच. कोणीतरी म्हणालं, "वसुदेव आला बघा, गोकुळाला निघाला." एवढ्या धक्क्यातही लोक हसले. अंगण संपायच्या आत वायर संपली आणि रेणुकादास खुंट्याला बांधल्यासारखे थांबले.

तेव्हा त्यांना शेषेराव दिसले. धक्का बसला की बिल्डिंगचं मेन स्विच पाडायचं, शॉर्टसर्किट नको, हे शेषेरावांनी स्वतःकडे घेतलेलं काम होतं. मार्चमधल्या धक्क्याला त्यांनी ते पाडलं होतं आणि सगळ्यांकडून शाबासकी घेऊनच वर केलं होतं. आताही ते जिन्याखालच्या मीटरकडे निघाले होते, छाती काढून.

"शेषेराव, थांबा. बंद करू नका," रेणुकादास ओरडले.

शेषेरावांनी मान हलवली आणि चालत राहिले.

"अहो, अपडेट चालू आहे. बॅटरी नाही यात. पोरीची परीक्षा आहे, शेषेराव."

"हाव नं साहेब, हाव," शेषेराव वळून न पाहता म्हणाले. "बराबर बोलून राहिले तुम्ही." आणि त्यांनी मीटरच्या पेटीचं दार उघडलं. मनस्विनी धावली, पण जिन्यापाशी घाबरलेल्या बायका आणि स्कूटरी होत्या. रेणुकादास तिथल्या तिथे ओरडत राहिले. एरवी ज्या आवाजापासून कॉलनीनं कान वाचवले होते, तोच आवाज तो. वर्षभराच्या व्याख्यानांची वसुली होत होती. शेषेरावांचा हात स्विचवर गेला.

"भाऊजी, हात काढा."

आवाज फार मोठा नव्हता. पण तो आवाज त्या अंगणात कोणी कधी ऐकलाच नव्हता. शेषेरावांचा हात विजेचा झटका बसल्यासारखा बाजूला झाला, जो तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी बसला नव्हता.

"वहिनी, तुम्ही बोलल्या?" ते म्हणाले.

"बोलले. मशीनचं होईपर्यंत त्या पेटीला हात लावायचा नाही. लावलात तर तुमच्या सत्काराचं चित्रण पण त्यातच आहे, ते जाईल."

शेषेरावांनी पेटीचं दार लावलं आणि समोर पहाऱ्याला उभे राहिले.

इकडे पट्टी भरली. पडदा काळा झाला. रेणुकादासांच्या डोक्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये काहीच नाही. मग कंपनीचं चिन्ह उमटलं, मग लिनक्स, आणि झाकणाच्या कडेला एक हिरवा ठिपका पेटला. मनस्विनीनं वर पाहिलं. पडद्यावर तिचं नाक आलं, मग सगळी ती.

"दिसतंय, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

जमीन पुन्हा हलली नाही. लोक एकेक करून आत गेले. लॅपटॉप टेबलावर बसला. मनस्विनीनं पुस्तकं उघडली आणि दार लोटून घेतलं. इंदू मात्र ओसरीच्या पायरीवर बसून होती, रिकामी परडी मांडीवर घेऊन. रेणुकादासांना आधी वाटलं, धक्क्यानं घाबरली असेल. मग लक्षात आलं.

"मोडलं," ती म्हणाली. "आजच्याच दिवशी."

तिच्या नेमावर रेणुकादासांनी आजवर बरेच विनोद केले होते. त्यातला एकही आत्ता आठवेना. ते पायरीवर शेजारी बसले.

"जिजींचा कायदा काय होता? ज्याच्यापायी मोडला त्यानं."

"तुम्हाला नाही जमायचं."

"दिवेलागणीपर्यंत ना? शब्द दिला. माझ्यापायी मोडला, मी पुरा करतो. पूजा राहिलीय तुझी. फुलं मीच आणतो आता." एवढं बोलून ते थांबले, आणखी काही बोलायचं राहिलंय का असा क्षणभर विचार केला, आणि तोंड मिटलं.

आतून मनस्विनी म्हणाली, "बाबा, अकराला पालकांनी कॅमेऱ्यापुढे नाव सांगायचंय. पाठ आहे ना तुमचं?"

रेणुकादासांनी इंदूकडे पाहिलं. इंदू पदराला हात पुसत उठली. "मी सांगते गं. नावच सांगायचंय ना नुसतं?"

रेणुकादासांनी सदरा घातला, परडी घेतली आणि फाटक उघडलं. नेमके त्याच वेळी गुरुपादप्पा स्कूटर थांबवून उभे. बातमी पोचली होती. मागून शेषेरावही उतरले, वरच्या मजल्यावरचे आणखी दोघं आले. वर्षभर ज्यांनी माना हलवल्या होत्या ते सगळे, आणि या वेळी खरोखर कान देऊन.

"साहेब," गुरुपादप्पा म्हणाले, "विंडोज नसताना बायोस केला म्हणे तुम्ही. मला बी शिकून घ्यायचंय वो. कसं केलं, पहिल्यापासून सांगा की."

रेणुकादासांचे ओठ हलले. पहिलं वाक्य तर त्यांच्याकडे दिवाळीपासून तयार होतं. त्यांनी एकदा मागे, ओसरीकडे पाहिलं. मग बोट ओठांवर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि गर्दीतून वाट काढत रस्त्याला लागले.

"धक्का बसला बिचाऱ्याला," शेषेराव हळूच म्हणाले.

पुढच्या वळणावरच तगरीचं झाड होतं, पण तिथे दुधाच्या रांगेत निम्मी कॉलनी उभी होती आणि सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली होती. रेणुकादासांनी परडी छातीशी धरली, रस्ता ओलांडला आणि देवळामागच्या लांबच्या झाडाकडे मुकाट चालू लागले.